लुटुपुटूची लढाई

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात काय घडते, ते आमच्या बहुतेक वाचकांना सांगावयास नको. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर निशाण चढते, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते आणि दिवसभर गोटे चालतात. पलीकडच्या काठावर कुणाचा मामा असतो, कुणाचा व्याही, कुणाचा जावई. वैर कुणाचेच कुणाशी नसते. म्हणजे पाहू गेल्यास ही लुटुपुटूची लढाई. तरीही दरवर्षी माणसे शेकड्यांनी जखमी होतात, आणि आजवर कित्येकांनी या गोटमारीत प्राणही गमावले आहेत. मध्यंतरी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. चेंडूंनी कुणाचेच समाधान झाले नाही. थोड्या वेळात हात पुन्हा गोट्यांकडे वळले. चेंडूच्या लढाईत नेमके काय कमी पडले, हे त्या काठावर उभ्या असलेल्या कोणत्याही तरुणाला विचारावे. शब्दांत सांगता आले नाही तरी त्याला ते ठाऊक असते.

हे सारे आठवण्याचे कारण मात्र विमानांचे आहे. पांढुर्णा आणि सौसर भागातील दोन-तीन कुटुंबांकडून अलीकडे जवळजवळ एकाच आशयाची पत्रे आली. घरातला मुलगा संगणकापुढे बसून लढाऊ विमान चालवतो. हातात विमानातल्यासारखा दांडा, कानांवर श्रवणयंत्र, दाराला आतून कडी. ‘हा खेळ नाही, हे खरे विमान आहे, खरे वैमानिकसुद्धा असेच शिकतात,’ असे तो सांगतो. एका मातेने पुढे लिहिले आहे की, चिरंजिवांना खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जायचे आहे, आणि या खेळामुळे आपली अर्धी तयारी झालीच, अशी त्यांची खात्री आहे. तर यात खरे किती आणि खोटे किती?

आधी खरे किती ते पाहू, कारण ते आपल्या समजुतीपेक्षा बरेच जास्त आहे. ‘डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर’ या नावाची एक संगणकप्रणाली आहे. तरुण मंडळी तिला नुसते ‘डीसीएस’ म्हणतात. तिच्यात २०१४ पासून मिग-२१ बिस हे विमान मिळते. हेच विमान आपल्याकडे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तयार होत असे. मिग-२१ आपल्या वायुदलात १९६३ साली आले, १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर तुटून पडले, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला शेवटचा निरोप देण्यात आला. आज ते आकाशात दिसणार नाही. सौसरच्या एखाद्या घरातल्या पडद्यावर मात्र दिसेल. आणि जे दिसेल ते चित्रातल्या विमानासारखे नसेल. त्यातली प्रत्येक कळ फिरते. बॅटरी, इंधनाचे पंप, दिशादर्शक यंत्रणा, रेडिओ हे सारे ठरलेल्या क्रमाने सुरू केले नाही, तर इंजिन पेट घेत नाही. मिग-२१ चे पंख लहान आणि त्रिकोणी. त्यामुळे उतरतानाही त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर राखावा लागतो. तो कमी झाला की विमान दगडासारखे खाली बसू लागते. पडद्यावरचे विमानही तसेच बसते. वळण जितके तीव्र घ्यावे तितका वेग खर्च होतो, वेग परत मिळवायचा तर उंची विकावी लागते, हा हवाई लढाईतला जमाखर्च या प्रणालीत चोख मांडलेला असतो. पुस्तकातून हे समजावून सांगताना शिक्षकाच्या नाकी नऊ येतील. आपल्या या मुलाला ते पंधरा दिवसांत अंगवळणी पडते. याला खेळ म्हणून नाक मुरडू नये, असे माझे मत आहे.

खेळ आणि शिक्षण यांच्यातली ही सीमारेषा पहिल्या दिवसापासूनच पुसट आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन नावाच्या गावी लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्या घरातल्या एडविन लिंकला विमानाचे वेड. शिकवणीचा खर्च परवडेना, तेव्हा त्याने वडिलांच्या कारखान्यातच, ऑर्गनचे भाते आणि हवेच्या झडपा वापरून, जमिनीवरून न सुटणारे एक छोटेसे विमान १९२९ च्या सुमारास तयार केले. दांडा पुढे केला की एका भात्यातली हवा निघे आणि नाक खाली जाई. मागे ओढला की उलट. आपली हार्मोनियम आणि आजचे कोट्यवधी रुपयांचे सिम्युलेटर ही अशी लांबची भावंडे आहेत. गंमत अशी, की लिंकची पहिली गिऱ्हाइके वायुदले नव्हती. करमणुकीच्या बागा होत्या. नाणे टाका आणि विमानात बसा. पुढे १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सैन्याकडे टपालाच्या विमानांचे काम आले, आणि धुक्यात, रात्रीच्या अंधारात, नुसत्या तबकड्यांवर विसंबून उडण्याची सवय नसल्यामुळे काही आठवड्यांतच डझनभर वैमानिक मेले. तेव्हा कुठे सैन्याने लिंककडून सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या खोक्यात बसून शिकले. जत्रेतले खेळणे वायुदलाच्या शाळेत गेले ते असे, माणसे मेल्यानंतर.

आता खोटे किती ते पाहू. त्याची सुरुवात वजनापासून करावी लागेल.

लढाऊ विमान जोरात वळते तेव्हा आतल्या माणसाचे वजन वाढते. वैमानिक हे ‘जी’ या मापाने मोजतात. आपण जमिनीवर बसलो आहोत तो एक जी. आजची लढाऊ विमाने नऊ जीपर्यंत वळू शकतात. म्हणजे सत्तर किलोचा माणूस सहाशे तीस किलोचा होतो. डोक्यावरचे शिरस्त्राण दीड-दोन किलोचे असते, ते पंधरा किलोच्या वर जाते. डोक्यावर तेवढा बोजा घेऊन मान वळवून मागे पाहावयाचे, कारण शत्रू मागेच असतो. आणि त्याहून वाईट असे की रक्तही जड होते. ते पायांकडे धाव घेते आणि मेंदूपर्यंत पोहोचेनासे होते. आधी रंग नाहीसे होतात, मग दृष्टीची कड काळवंडते, मग सगळेच काळे होते, आणि तरीही वळण सोडले नाही तर शुद्ध जाते. संरक्षण नसलेल्या माणसाला चार-पाच जी पुरे होतात. म्हणून वैमानिक पाय आणि पोट आवळणारा खास पोशाख घालतात, आणि त्याखेरीज पोटऱ्या, मांड्या, पोट ताठ करून, श्वास रोखून, ठरावीक तालात जोर करत राहतात. ही जवळजवळ कुस्तीच म्हणावी लागेल, आणि ती करता करताच रेडिओवर बोलायचे, इंधन पाहायचे आणि नेम धरायचा. शुद्ध गेलीच तर ती दहा-पंधरा सेकंद परत येत नाही, आणि आल्यावरही आपण कुठे आहोत हे कळायला तितकाच वेळ जातो. ताशी नऊशे किलोमीटरने जाणारे विमान पंधरा सेकंदांत पावणेचार किलोमीटर गेलेले असते. ते आडवे गेले की खाली, एवढाच प्रश्न.

घरच्या संगणकावर अशा वेळी काय होते? पडदा काळवंडतो. रीतसर, हळूहळू, कडेकडून. मुलाच्या पोटऱ्या मात्र खुर्चीखाली निवांत असतात. बाहेर आई भाकऱ्या थापते आहे हे त्याला ऐकू येते. पडदा पुन्हा उजळेपर्यंत तो पाण्याचा घोट घेऊ शकतो.

वायुदलाच्या मोठ्या सिम्युलेटरांचीही इथे फारशी निराळी गत नाही. सहा यांत्रिक पायांवर उभी केलेली केबिन डुलते, हिसके देते, धक्के देते. पण तिला हलायला वाव मिळतो मीटर-दोन मीटरचा, आणि नऊ जी काही मीटरभर जागेत निर्माण होत नाहीत. त्यासाठी वेगळे यंत्र लागते, ते सेंट्रिफ्यूज. लांब दांडीच्या टोकाला एक खोली, त्या खोलीत माणूस, आणि दांडी गरगर फिरते. जत्रेतला चक्रीपाळणाच तो, फक्त तिकीट काढून कुणी बसणार नाही असा. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन या वायुदलाच्या संस्थेत असे यंत्र आहे, आणि आपले लढाऊ वैमानिक जोर करण्याचा तो ताल तिथे शिकतात. म्हणजे पाहा, एका उड्डाणाची नक्कल करायला दोन निरनिराळी यंत्रे लागली. एकात विमान आहे पण वजन नाही, दुसऱ्यात वजन आहे.

पण वजन निदान कळते तरी. कानाचा घोटाळा कळतही नाही, आणि या साऱ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण गोष्ट तीच आहे. थोडी सविस्तर सांगतो.

आपण सरळ आहोत की कललेले, हे आपल्याला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. कानाच्या आतल्या भागात चुन्याचे अतिसूक्ष्म खडे असतात. ते मऊ लगद्यावर बसलेले असतात आणि डोके कलले की त्या बाजूला सरकतात. (गोटमारीच्या गावाला हे वाचून गंमत वाटेल, पण माणसाचा तोल शेवटी गोट्यांवरच सांभाळलेला आहे.) या खड्यांना एक गोष्ट मात्र समजत नाही. डोके मागे कलले तरी ते मागे सरकतात, आणि आपण एकाएकी जोरात पुढे ढकलले गेलो तरीही मागेच सरकतात. दिवसा, खिडकीतून क्षितिज दिसत असताना, डोळे निवाडा करतात. रात्री, अंधारात, धावपट्टीचे दिवे मागे पडल्यावर निवाडा करायला कुणी उरत नाही. लढाऊ विमान उड्डाण करते, आफ्टरबर्नर पेटलेला असतो, वेग झपाट्याने वाढत असतो. वेग वाढण्याचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा धरला तरी मेंदूला वाटते की विमानाचे नाक जवळपास सत्तावीस अंशांनी जास्त वर गेले आहे. आता वेग मरणार, विमान कोसळणार, या भीतीने हात आपोआप दांडा पुढे करतो. नाक खरोखरच खाली जाते. उंची असते जेमतेम काहीशे फूट. समोरची तबकडी खरे सांगत असते, आणि सारे शरीर ती खोटी आहे असे ओरडत असते.

१७ सप्टेंबर २००१ रोजी रात्री राजस्थानातल्या सुरतगड तळावरून उडालेले मिग-२१ उड्डाणानंतर लगेच कोसळले, आणि फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ त्यात मरण पावले. चौकशीचा निष्कर्ष वैमानिकाच्या दिशाभ्रमाकडे बोट दाखवणारा होता. आईवडिलांनी तो मानला नाही. आई कविता गाडगीळ यांनी मिग विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. एका मराठी आईने वायुदलाला असे उघड प्रश्न विचारणे हे त्या काळात नवलाचेच होते. त्या रात्री नेमके काय घडले याचा निवाडा या स्तंभात बसून करता येणार नाही, आणि तो करण्याचा आगाऊपणा मी करणारही नाही. पण त्या आईवडिलांनी पुढे काय केले ते आपल्या विषयात बसते. वडील अनिल गाडगीळ स्वतः वैमानिक. दोघांनी मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान काढले, आणि पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट सुरू केली. वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना सिम्युलेटरवर प्रशिक्षण देणारी. ज्या आईवडिलांचा मुलगा विमानाने नेला, त्यांनी इतरांच्या मुलांसाठी जमिनीवरचे विमान मांडले.

आता यातला चमत्कार पाहा. सहा पायांवरचे मोठे सिम्युलेटर वैमानिकाला ‘वेग वाढतो आहे’ असे कसे भासवते? केबिन खरोखर पुढे पळू शकत नाही, तिथे जागाच नाही. म्हणून ती हळूच मागे कलते; इतकी हळू, सेकंदाला दोन-तीन अंशांच्या आत, की कलणे कानाला उमगत नाही. समोरच्या पडद्यावर क्षितिज मात्र सपाट ठेवलेले असते. कानातले खडे मागे सरकतात, डोळे म्हणतात आपण सरळ आहोत, आणि मेंदू हिशेब जुळवतो की आपण जोरात पुढे चाललो आहोत. म्हणजे सुरतगडसारख्या काळ्या रात्री वैमानिकाला जो भ्रम खाली ओढू शकतो, नेमक्या त्याच भ्रमाची उलटी बाजू वापरून सिम्युलेटर चालते. एकीकडे वेग कलण्याचे सोंग घेतो, दुसरीकडे कलणे वेगाचे सोंग घेते. आणि म्हणूनच, हा भ्रम शिकवायला नेमके हेच यंत्र अपुरे पडते. त्यासाठी बेंगळुरूच्या त्याच संस्थेत दिशाभ्रमाची खास यंत्रे आहेत. तिथे वैमानिकाला मुद्दाम फसवले जाते आणि मग दिवा लावून दाखवले जाते की, पाहा, तुम्ही किती खात्रीने चुकीचे होता.

घरच्या खुर्चीत हा झगडाच नाही. खुर्ची स्थिर, कान शांत, त्यामुळे तबकडीवर विश्वास ठेवणे सोपे. खुर्चीत बसून मुलगा रात्रीची शंभर उड्डाणे बिनचूक करील. पण त्यातली कठीण गोष्ट त्याने एकदाही केलेली नसेल.

कानाचा आणि डोळ्यांचा हा बेबनाव उलट्या दिशेनेही त्रास देतो. सौसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीच्या घाटात बसमध्ये पुस्तक उघडून बसणाऱ्याला जे होते, तेच सिम्युलेटरमध्ये होते: डोळे म्हणतात हललो, कान म्हणतात नाही. मळमळते, डोके दुखते. आणि नवशिक्यांपेक्षा अनुभवी वैमानिकांना हा त्रास अधिक होतो, कारण खरे काय वाटायला हवे हे त्यांचे शरीर जाणून असते. नक्कल ओळखण्याची ही पोटाची परीक्षा मला फार बोलकी वाटते.

डोळ्यांबद्दल थोडक्यात. समोरून येणारे मिग-२१ पाच किलोमीटरवर असेल, तर साध्या संगणकाच्या पडद्यावर ते जेमतेम दोन ठिपक्यांचे असते. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत सात मीटरच. दोन्ही विमाने ताशी नऊशेने एकमेकांकडे येत असली, तर ते दोन ठिपके दहा सेकंदांत विमान होऊन शेजारून निघून जातात. माणसाचा डोळा पडद्याहून तीक्ष्ण आहे खरा, पण खऱ्या आकाशात ऊन असते, धुरकट हवा असते, काचेवर ओरखडे असतात आणि नजर कुठे टेकवावी हे कळू नये इतके रिकामेपण असते. मिगच्या या लहानपणाचा आपल्या वैमानिकांनी चांगला उपयोगही केला. २००४ च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेरला आपल्या आणि अमेरिकेच्या वायुदलांचा संयुक्त सराव झाला, त्यात आपल्या सुधारलेल्या जुन्या मिगनी एफ-१५ विमानांना चांगलेच दमवले, हे पाहुण्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले.

ग्वाल्हेरचे नाव आलेच आहे तर तिथल्या शाळेबद्दलही सांगितले पाहिजे, कारण ती आपल्याच मध्यप्रदेशात आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९७१ साली स्थापन झालेली आणि आता ग्वाल्हेरला असलेली ‘टॅकडे’ ही वायुदलाची संस्था म्हणजे हवाई लढाईची पदव्युत्तर तालीम. निवडक वैमानिक तिथे खरी विमाने घेऊन एकमेकांविरुद्ध लढतात. एक बाजू शत्रूची; ती शत्रूच्या डावपेचांनीच लढते. क्षेपणास्त्र सुटत नाही, ते सुटले असते असे नोंदले जाते. बाकी सारे खरे: वजन खरे, कान खरे, इंधन खरे आणि जमीनही खरी. अमेरिकनांना हा धडा व्हिएतनामने दिला. त्यांच्या नौदलाच्या विमानांचे हाणामारीतले प्रमाण एकास दोन असे घसरले होते. १९६९ साली त्यांनी अशीच शाळा काढली, आणि युद्धाच्या अखेरीस ते एकास बाराच्या घरात गेले. वैमानिकाची पहिली दहा उड्डाणे निभावली तर पुढची बहुधा निभावतात, असे त्यांच्या वायुदलाला आढळले, आणि ती पहिली दहा लुटुपुटूची करून घ्यावीत म्हणून १९७५ पासून त्यांनी नेवाडाच्या वाळवंटात मोठे सराव सुरू केले.

पण लुटुपुटूची म्हणजे बिनधोक नव्हे. २८ जानेवारी २०२३ रोजी सकाळी ग्वाल्हेरहून सरावासाठी उडालेली एक सुखोई आणि एक मिराज अशी दोन विमाने हवेतच कोसळली. मिराज मुरैना जिल्ह्यात पडले. सुखोईतले दोघे बाहेर पडू शकले. मिराजचे वैमानिक विंग कमांडर हनुमंतराव सारथी वाचले नाहीत. ते बेळगावचे. संगणकावर अशा वेळी एक कळ दाबून पुन्हा धावपट्टीवर उभे राहता येते, आणि माझ्या मते घरच्या खेळातला सर्वांत मोठा खोटेपणा ही कळ आहे. पंख, इंजिन, तबकड्या यांतले बारीकसारीक दोष त्यापुढे काहीच नाहीत. जाम नदीच्या काठावर चेंडूंना कुणी का भ्याले नाही, तेही इथेच समजते.

मग वायुदले सिम्युलेटरवर एवढा पैसा का ओततात? कारण अशा काही गोष्टी आहेत ज्या खऱ्या विमानात शिकवताच येत नाहीत. इंजिनला आग लागणे, उड्डाणाच्या ऐन क्षणी पक्षी आत ओढला जाणे, चाक न उघडणे, आणि आता विमान सोडून बाहेर पडावे की अजून दोन सेकंद थांबावे हा निर्णय. हे हवेत मुद्दाम घडवून आणता येत नाही, आणि घडले तर शिकायला वेळ नसतो. सिम्युलेटरमध्ये तेच दहा वेळा घडवता येते, मध्येच थांबवता येते, चुकले कुठे ते दाखवता येते. इथे नक्कल असलाहून सरस आहे. बाकी बाबतीत ती असलाची जागा घेऊ शकत नाही, याचा पुरावा आपण फार महागात विकत घेतला. प्राथमिक जेट विमानावर शिकलेला मुलगा आणि मिग-२१ यांच्या मध्ये एक पायरी हवी, प्रगत प्रशिक्षण विमान हवे, ही शिफारस १९८२ सालीच झाली होती. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये, आणि ती बीदरच्या तळावर दाखल झाली २००८ मध्ये. दरम्यान सव्वीस वर्षे गेली. संरक्षणमंत्री अँटनी यांनी २०१२ साली संसदेला सांगितले की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक मृत्यू पावले. सगळे अपघात त्या गाळलेल्या पायरीमुळे झाले असे कुणी म्हणणार नाही. जुनी इंजिने, पक्षी, सुटे भाग, सारेच त्यात आहे. पण नवख्या मुलांना ती पायरी न देता वर चढवले गेले, हे खरेच आहे.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे. चिरंजिवांची अर्धी तयारी झाली आहे काय?

याबाबत इस्रायलमध्ये झालेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९९४ साली तो प्रसिद्ध झाला. डॅनियल गोफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वायुदलाच्या छात्रांना एका संगणकखेळाचे दहाएक तासांचे शिक्षण दिले, आणि ते छात्र पुढे प्रत्यक्ष उड्डाणाच्या चाचण्यांत इतरांहून सरस ठरले. आता तो खेळ कसला होता? त्यात विमान नव्हते. कॉकपिट नव्हते, ढग नव्हते, जमीन नव्हती. एक साधे चिन्ह एका षट्कोनी किल्ल्याभोवती फिरते, मध्येच सुरुंग येतात, कोपऱ्यात आकडे बदलतात, आणि एकाच वेळी चार गोष्टींवर लक्ष वाटून ठेवावे लागते. बस्स. त्या मुलांना तो मोकाट खेळू दिला नव्हता. आज याच गोष्टीकडे लक्ष द्या, उद्या त्या, असे मागे लागून खेळवले होते. उपयोगी पडले ते लक्ष वाटण्याचे वळण. खऱ्यासारखे दिसणे कुणाच्या कामी आले नाही.

तेव्हा मुलगा तासन्तास नुसती विमाने पाडत असेल, तर त्याला हाताची चपळाई मिळते आणि डोळ्यांना चष्मा. पण तोच जर तबकड्यांवर भर देऊन, ठरलेली उंची, ठरलेला वेग, ठरलेली दिशा राखत, वादळात उतरण्याचा सराव करीत असेल, तर ते वाया जाणार नाही. एक धोका मात्र आहे. घरी शिकून आलेल्या मुलांची नजर आतल्या तबकड्यांना चिकटलेली असते, त्यांना बाहेर पाहायला शिकवताना दमछाक होते, अशी उड्डाणशिक्षकांची नेहमीची तक्रार आहे. पडद्यावर बाहेर पाहण्याजोगे फारसे नसतेच.

आणि एक गोष्ट त्याला आत्ताच सांगून ठेवावी. वायुदलाच्या उड्डाणशाखेसाठी निवड मंडळापुढे जाणाऱ्या उमेदवाराची एक खास चाचणी होते. पूर्वी तिला पीएबीटी म्हणत, हल्ली संगणकावरची सीपीएसएस. तबकड्या वाचणे, हात आणि पाय एकाच वेळी पण वेगवेगळे चालवणे, लक्ष वाटून ठेवणे, हेच तिच्यात तपासतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. अनुत्तीर्ण झालेल्याला वायुदलाच्या इतर शाखा खुल्या राहतात, उड्डाणशाखा कायमची बंद होते. तेव्हा तिथे जाण्यापूर्वी झोप पुरेशी हवी, आणि घरच्या दांड्याच्या सवयी बाजूला ठेवून सांगितलेले नीट ऐकण्याची तयारी हवी. हे मुलींनाही लागू आहे. प्रबोधिनीची दारे त्यांना आता उघडली आहेत. २०१६ साली लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झालेल्या पहिल्या तिघींपैकी अवनी चतुर्वेदी आपल्याच राज्यातल्या रीव्याच्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत जामनगरहून त्यांनी एकटीने उडवलेले विमान मिग-२१ च होते.